साडेतीनशेचं उलटं घड्याळ, पाचापैकी चार स्टार

रिव्ह्यू भिंतीवरच्या साध्या घड्याळाचा आहे, हसू नका. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातल्या एका छोट्या दुकानातून घेतलं, साडेतीनशे रुपये, गोल, पांढरी डायल, आकडे नाहीत, नुसत्या बारा रेघा, कंपनीचं नावसुद्धा नाही. मुद्दाम तसलंच शोधत होते कारण मला ते उलटं टांगायचं होतं. मागे खालच्या बाजूलाही एक कडी लावून द्या म्हटलं तर दुकानदार काका आधी माझ्याकडे बघितले, मग घड्याळाकडे, आणि मग हळूच विचारतात, ताई वास्तूचं काही आहे का?

वास्तूचं नाही काका, मैत्रिणींचं आहे. एक लंडनला, एक ऑकलंडला, एक न्यू जर्सीत. तीन घड्याळं लावायची तर घर भाड्याचं, मालक नवीन खिळा ठोकू देत नाही, हॉलमध्ये एकच खिळा आहे.

आता गंमत बघा. आपलं घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे, थंडीत. डायल उलटी केली की थेट लंडनची वेळ दिसते. आपल्याकडे दुपारचे ३ वाजले की छोटा काटा ९ वर जातो आणि मोठा खाली ६ वर, म्हणजे साडेनऊ, आणि तिकडे सकाळचे साडेनऊच वाजलेले असतात. हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण मला नंतर कळलं की ऑकलंडलाही हेच चालतं, त्यांच्या थंडीत, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. ते आपल्या साडेसहा तास पुढे असतात, त्यामुळे काटे तेच, फक्त सकाळच्या जागी रात्र. आणि लंडनचं जमतं ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत. म्हणजे मधले थोडे आठवडे सोडले तर एक सुटली की दुसरी चालू, एका खिळ्यावर दोन मैत्रिणी, अजून काय पाहिजे.

एक अडचण आहे ती सांगते. उलट्यात छोटा काटा कायम अर्धं घर मागे असतो. इथे साडेपाच वाजले की ऑकलंडला बरोबर बारा, पण छोटा काटा अकरा आणि बाराच्या मध्ये लटकतो आणि वाटतं अकरा वाजलेत. सवय होईपर्यंत मी एकदा तासभर उशिरा विश केलंय. तिचा वाढदिवस जुलैत असतो, म्हणजे मला आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मेसेज टाकावा लागतो, ऑफिस सुटायच्या आधी, तेव्हा तिकडे बारा वाजतात.

याआधी एक ॲप वापरत होते, नाव नको, आपोआप शुभेच्छा पाठवणारं. त्यात वेळ फक्त आपली घेतात हे सेट करताना कुठेच लिहिलेलं नव्हतं. जर्सीवालीचा वाढदिवस १२ जूनला, मी रात्री बारा लावले, आणि मेसेज तिला गेला ११ तारखेला दुपारी अडीच वाजता, मीटिंगमध्ये, केकच्या फोटोसकट. तिचं उत्तर, "एक दिवस तरी तरुण राहू दे गं." थंडीत हाच मेसेज दीडला गेला असता कारण त्यांचं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातं. जर्सीला माझं उलटं घड्याळ काही कामाचं नाही, तिथे बोटं मोजावी लागतात, एक स्टार त्याचाच कापलाय.

दिवाळीचं तर घड्याळानेही सुटत नाही. २०२४ ला आपल्याकडे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि जर्सीवालीकडे ३१ ऑक्टोबरलाच, मला वाटलं ही चुकली. तर अमावस्या संपली १ तारखेला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास, तेव्हा तिच्याकडे सकाळचे पावणेनऊ, मग तिच्या त्या संध्याकाळी अमावस्या उरलीच नव्हती. म्हणजे तिची पूजा माझ्या आधी झाली आणि मी दुसऱ्या दिवशी ऐटीत मेसेज टाकला, आधी तुला शुभेच्छा म्हणून.

आता सगळ्यात मोठी तक्रार, घड्याळाची नाही, घरातली. जुलैतच सासूबाई अलिबागहून आल्या, बाहेर धो धो पाऊस, भर दुपारी हॉलमध्ये अंधार. झोपून उठल्या तर समोर साडेनऊ. "एवढी रात्र झाली आणि कुकर नाही लावलास अजून?" असं म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भात टाकला. मी ऑफिसातून आले तेव्हा पोरं सांगत होती, आज्जीने आज चार वाजता जेवायला वाढलं. खरं म्हणजे तीनला त्या उठल्या तेव्हा ऑकलंडला खरंच रात्रीचे साडेनऊ वाजले होते, पण हे सांगून काय उपयोग.

त्यांनी मग त्यांचा इलाज केला. पाकिटातली मरून टिकली काढली आणि बाराच्या रेघेवर चिकटवली. टिकली वर तर ठाणं, टिकली खाली तर परदेश. काकांना फोटो दाखवला तर म्हणाले पुढच्या घड्याळांना मीच लावून ठेवतो.