एनटीएससीची कॅसेट आणि पालचा व्हीसीआर: कोणता मार्ग धरावा?

मावशीने अमेरिकेतून पाठवलेली व्हिडिओ कॅसेट एनटीएससीची, म्हणजे तिथल्या टीव्हीच्या पद्धतीची होती. ती मी पहिल्यांदा साध्या पाल व्हीसीआरमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीच्या यंत्रात घातली. कॅसेट आत नीट बसली. पण पडद्यावर फाटके आडवे पट्टे वर सरकत राहिले आणि मावशीचा आवाज जड, रेंगाळलेला येऊ लागला. बाळाची पहिली पावलं कुठेच दिसेनात. व्हीएचएसची, म्हणजे या घरगुती व्हिडिओ कॅसेटची डबी जगभर सारखीच असते, आतलं रेकॉर्डिंग मात्र नाही. एनटीएससीत 525 रेषा, सेकंदाला 29.97 फ्रेम आणि टेपचा वेग 33.35 मिलिमीटर, पालमध्ये 625 रेषा, 25 फ्रेम आणि वेग 23.39.

फक्त एकदा बघायचं असेल तर ‘एनटीएससी प्लेबॅक’ची सोय असलेला पाल व्हीसीआर सर्वांत सोपा. तो टेप योग्य वेगाने फिरवतो आणि रंग पालच्या पद्धतीने बाहेर देतो. रेषा मात्र 525 आणि फील्ड (अर्ध्या फ्रेम) सेकंदाला सुमारे 60 असेच राहतात, त्यामुळे टीव्हीला 60 हर्ट्झ चालायला हवं. जुन्या संचावर चित्र सरकत राहतं. आणि हा सिग्नल धड पाल नाही, धड एनटीएससी नाही. बरीच कॅप्चर उपकरणं (कॅसेटची संगणकावर फाइल करणारी) तो नाकारतात किंवा रंग घालवतात. म्हणून जपून ठेवायच्या कॅसेटसाठी हा मार्ग नको.

आतच रूपांतर करणारा व्हीसीआर कोणत्याही पाल टीव्हीवर चित्र दाखवतो, यात सुख आहे. पण तीसच्या पंचवीस फ्रेम करताना काही गाळाव्या लागतात किंवा एकमेकींत मिसळाव्या लागतात. चालणारं बाळ मग किंचित अडखळत चालतं. एकदा असं रेकॉर्ड केलं की गेलेली हालचाल त्या प्रतीत परत येत नाही.

माझा कौल तिसऱ्या मार्गाला: कॅसेट तिच्याच पद्धतीत वाजवायची, तिच्याच पद्धतीत कॅप्चर करायची. त्यासाठी खरा एनटीएससी व्हीसीआर हवा (तो 120 व्होल्टचा असेल तर ट्रान्सफॉर्मरही), नाहीतर मल्टिसिस्टीम, म्हणजे अनेक पद्धती चालवणारा व्हीसीआर. मल्टिसिस्टीमवर 3.58 आणि 4.43 (रंगाच्या सिग्नलचे मेगाहर्ट्झ) असा खटका असेल तर तो 3.58 वर ठेवा. खरा एनटीएससी रंग तिथेच मिळतो. कॅप्चर 720 बाय 480 पिक्सेल, 29.97 फ्रेमवर करा. तयार झालेली फाइल कोणत्याही संगणकावर चालते, तिथे पाल-एनटीएससीचा अडसरच उरत नाही. मेहनत जास्त आहे, वेळही कॅसेटच्या लांबीइतका जातो, तरी मी हेच करायला सांगेन. काम बाहेर देणार असाल तर आधी विचारा: फाइल 29.97 ची देणार की 25 ची? पंचविसाची म्हणाले तर दुसरीकडे बघा.

फ्रान्सच्या सेकाम पद्धतीच्या कॅसेटचं दुखणं त्यामानाने हलकं. रेषा, फ्रेम, वेग पालसारखेच, त्यामुळे पाल व्हीसीआरवर ती चालते, फक्त कृष्णधवल दिसते.

कॅसेट कोणती ते लेबलवरून ताडता येतं. टी-120 असेल तर बहुधा एनटीएससी, ई-180 असेल तर बहुधा पाल किंवा सेकाम. पण हे आकडे कोऱ्या टेपचे असतात, आत काय भरलंय त्याची खात्री ते देत नाहीत.

निर्णय फार लांबवू नका. व्हीएचएस व्हीसीआरचं उत्पादन 2016 मध्येच थांबलं. आता मिळेल ते यंत्र वापरलेलंच, म्हणून आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट त्यात पूर्ण चालवून बघा, घरची नंतर घाला.