निवृत्तीनंतर पुन्हा चित्रकला: जलरंग, ॲक्रिलिक की तैलरंग?

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली, स्थिरचित्रात चांगले मार्कही पडले; मग नोकरी, लोकल, मुलांची शिक्षणं यांत ब्रश बाजूला राहिला. ठाण्यात अशी माणसं सोसायटी-सोसायटीत आहेत. निवृत्त झाल्यावर ती रंगांच्या दुकानात जातात आणि विचारतात, ‘यातलं सोपं कोणतं?’ माझ्या मते त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. चित्र चालू असताना मध्येच उठावं लागलं, तर रंगाचं काय होतं? निवृत्तीनंतर वेळ भरपूर मिळतो, पण सलग मिळत नाही. नातवाला स्कूलबसपर्यंत सोडायचं असतं, कुरिअरवाला बेल वाजवतो, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागतं.

जलरंगांना सामान सगळ्यात कमी लागतं. छोटा बॉक्स, दोन गोल ब्रश, पाण्याची बाटली आणि पॅड, सगळं एका खांद्यावरच्या पिशवीत मावतं. वास नाही, घरात पसारा नाही. सकाळी तलावपाळीला बसून तलाव किंवा उपवनला बसून समोरचे येऊरचे डोंगर रंगवायचे असतील, तर याच्यासारखं माध्यम नाही. शाळेत हात यावरच बसलेला असल्यामुळे ओळखही लवकर पटते.

पण जलरंग मध्ये उठू देत नाहीत. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, लावताना बोर्ड थोडा तिरका धरतात. ओल्या रंगाचा थर खालच्या कडेला जमतो आणि तोच पुढच्या फटकाऱ्यात खाली ओढत न्यायचा असतो. त्या चार मिनिटांत बेल वाजली की कड सुकते, आणि परत येऊन रंग लावला की तिथे ठसठशीत रेघ उमटते. छताचा पंखाही हेच करतो, म्हणून वॉशपुरता तो बंद ठेवा. पावसाळ्यात उलटा त्रास: वॉश सुकता सुकत नाही, आणि दमट कपाटात ठेवलेल्या कागदाला बुरशी धरते. रंग साधे घेतलेत तरी चालेल, पण कागद जाड, 300 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन 300 ग्रॅम), जमल्यास कॉटनचा घ्या. पातळ ड्रॉइंग पेपर पाणी लागताच फुगतो आणि माणूस समजतो की आपलाच हात गेला. हे ‘लहान मुलांचे रंग’ आहेत असं वाटत असेल, तर म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आठवा. बोटांमधून झिरपणारा तो उजेड जलरंगात उतरवलेला आहे.

ॲक्रिलिक पाण्यात कालवता येतं, पातळ थर दहा-वीस मिनिटांत सुकतो, चुकलं तर वरून रंगवता येतं. ज्याला चूक होण्याची भीती वाटते, त्याला हा मोठा दिलासा आहे. एकदा सुकलं की मात्र पाण्याने निघत नाही, आणि फोनवर बोलत राहिलात तर ब्रश कायमचा ताठ होतो. यावर घरगुती उपाय आहे. झाकणाच्या चपट्या डब्यात ओला टिश्यू अंथरा, त्यावर बटर पेपर ठेवा आणि रंग त्यावर काढा. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

तैलरंगांना लोक आधीच घाबरून बाद करतात, आणि मला हे खटकतं. हे रंग पाणी उडून सुकत नाहीत. जवसाच्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होतात. पातळ थरालाही काही दिवस लागतात. म्हणजे सकाळी चेहऱ्याची सावली अर्धी सोडून उठलात, तरी संध्याकाळी ब्रश फिरवल्यावर ती मऊ मिळते, कड विरघळवता येते. तुकड्या-तुकड्यांनी वेळ मिळणाऱ्या माणसाला एवढी सवलत दुसरं कोणतंही माध्यम देत नाही.

अडचणी आहेत, पण त्या घराच्या आहेत. रंग पातळ करायला वापरतात त्या टर्पेंटाइनचा वास बंद फ्लॅटमध्ये डोकं चढवतो, दम्याच्या माणसाला तर नकोच. ते न वापरताही काम होतं: रंग थोड्या जवसाच्या तेलात कालवायचा, ब्रश आधी तेलाने आणि मग साबणाने धुवायचा. पाण्यात मिसळणारे तैलरंगही मिळतात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा. ओलं कॅनव्हास ठेवायला नातवंडांच्या हाताबाहेरची भिंत हवी, आणि चित्रावर शेवटी लावायच्या वार्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबण्याची तयारी हवी.

माझं मत सांगतो. बाहेर पडून चित्र काढायची ओढ असेल, किंवा सकाळचा एखादा तास कुणी हाक मारणार नाही असा मिळत असेल, तर जलरंग घ्या. घरात माणसं जास्त, जागा कमी आणि चित्र त्याच दिवशी आवरून ठेवायचं असेल तर ॲक्रिलिक. हवेशीर गॅलरी आहे, घर मोडत्या वेळापत्रकाचं आहे आणि व्यक्तिचित्रं काढायची आहेत, तर बिनधास्त तैलरंग. तिन्ही एकदम घेऊ नका. निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा एकाच माध्यमाला द्या.

हात थरथरत असेल तर ॲक्रिलिक किंवा तैलरंगात उभ्या ईझलवर (चित्र टेकवायच्या स्टँडवर), लांब दांड्याच्या ब्रशने, खांद्यातून काम करून बघा. बारीक रेघेचा हट्ट सुटतो. कॅडमियम या विषारी धातूपासून केलेले रंग वापरलेत तर जेवायच्या आधी हात साबणाने स्वच्छ धुवा, कारण आपण हाताने जेवतो. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर मोठं चित्र त्यानंतर सुरू करा. पिवळसर झालेल्या नेत्रमण्यातून निळा आणि जांभळा मंद दिसतो, म्हणून तो नकळत जास्त लावला जातो. नवी लेन्स बसली की तेच आकाश भडक दिसतं. तोपर्यंत पेन्सिल आणि कोळशाने स्केचिंग करा.