गच्चीवरचा पांढरा थर: एक नागपुरी उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यानंतर

घर गार राहावं म्हणून गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग मारून घेतला. आधी निकाल सांगतो: पैसे वसूल होतील असं दिसतंय. पण दुकानदार सांगतो तशी एसीची गरज काही संपत नाही.

आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब. नागपुरातल्या मे महिन्यात दुपारचं ऊन सोसता येतं, खरा छळ रात्रीचा. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता संध्याकाळनंतर खाली सोडत राहतो. रात्री अकराला पंखा लावला की गरम वाराच अंगावर. आजोळी बुलढाण्याकडे धाब्याचं घर होतं. मातीच्या जाड छताखाली दुपारीसुद्धा झोप लागायची. पाच-सहा इंच काँक्रीटकडून ती अपेक्षा करता येत नाही.

मार्चमध्ये, ऊन कडक व्हायच्या आत, सोसायटीची परवानगी काढून आमच्या डोक्यावरच्या भागाला उष्णता परावर्तित करणारा रंग मारून घेतला. आधी गच्ची घासून धुतली, भेगा भरल्या, मग प्रायमर आणि दोन हात. मजुरीसह चौरस फुटाला पस्तीस रुपयांच्या आसपास पडलं. डब्यावर ‘एसआरआय’चा (सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स, म्हणजे उन्हात पृष्ठभाग किती कमी तापतो त्याचं माप) आकडा बघा, 100च्या वर असलेला घ्या. नुसता पांढरा वॉटरप्रूफिंगचा रंग आणि हा, दोन्ही दिसायला सारखेच असतात. बजेट नसेल तर चुन्यात डिंक घालून मारलेला हातही पहिल्या उन्हाळ्यात बरंच काम करतो, फक्त पावसात धुऊन जातो.

मे महिन्यात भरदुपारी इन्फ्रारेड थर्मामीटर लावून पाहिलं. शेजारच्या विंगची करडी गच्ची 62 अंश, आमची 47. खोलीतला फरक एवढा मोठा नाही, दुपारी दोन-तीन अंशांचा असेल. पण रात्री छताला हात लावला तर चटका बसत नाही, आणि कूलरवर भागतं. एसी आता फक्त झोपायच्या खोलीत, तोही 26 वर. आधी 22 वर ठेवूनही तो थांबायचं नाव घेत नसे.

आता बिल. मेचं बिल मागच्या वर्षी 475 युनिटचं होतं, यंदा 390 आलं. रुपयांत तुलना करू नका. दर वाढतात, इंधन समायोजन आकार दर महिन्याला वर-खाली होतो, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. युनिटच बघा. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात. 300 ओलांडले की सगळ्याच युनिटना महाग दर लागतो असं बरेच जण समजतात. तसं नसतं, वरच्या युनिटनाच लागतो. म्हणून वाचलेले 85 युनिट हे आमच्या बिलातले सगळ्यात महागडे होते. फायदा खरा इथे आहे.

तक्रारीही आहेत. दुपारी गच्चीवर डोळे दिपतात. वाळवण घालायला येणाऱ्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात ऐकवलं, पुढे त्याच अनवाणी चालता येतं म्हणून खूश झाल्या. उन्हाळ्यात बसलेल्या धुळीने थर मळतो आणि मळला की परिणाम कमी होतो, त्यामुळे अधूनमधून पाणी मारावं लागतं. पावसाळ्यात जिथे पाणी साचतं तिथे शेवाळ धरलं, एके ठिकाणी पापुद्रे सुटले. उतार नीट नसेल तर आधी तो करून घ्या, रंग नंतर.

पश्चिमेच्या भिंतीला गच्चीवरच्या या रंगाचा काहीच उपयोग नाही. तिथे खिडकीबाहेर हिरवी जाळी ताणली. आतल्या पडद्यापेक्षा ती कितीतरी बरी, कारण ऊन काचेला लागायच्या आधीच अडतं. छताखाली थर्माकोल चिकटवायचा सल्ला एकाने दिला होता. आगीच्या भीतीने तो मी बाजूला ठेवला. फरशी नव्याने घालणार असाल तर मात्र तिच्याखाली एक्सपीएसच्या (उष्णता अडवणाऱ्या टणक फोमच्या) पाट्या टाकून घ्या. खर्च जास्त, पण धूळ-शेवाळाची कटकट नाही.

डिसेंबरात पहाटे खोली थोडी जास्त गार वाटते. नागपूरची थंडी तशी थोड्या दिवसांची, चालून जातं.

फेब्रुवारीत घासून धुणार आणि उडालेल्या जागी एक हात मारणार. कंपनीची पाच वर्षांची हमी आहे खरी, पण ती गळतीची, थंडाव्याची नाही. पावती घेताना वाचून घ्या.