न्यू जर्सीतील दोन वर्षांची लिबरल स्टडीज पदवी : मला लागलेली साडेतीन वर्षे

सांगलीला बी.कॉम.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडून मी लग्नानंतर न्यू जर्सीत आले आणि मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर येथील एका काउंटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयात, लिबरल स्टडीजच्या (भाषा, गणित, विज्ञान अशा अनेक शाखांचे विषय एकत्र असलेल्या) असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश घेतला. ती पदवी हाती येऊन आता आठ महिने झाले.

पदवी 60 क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याचे एकक), म्हणजे साधारण वीस विषयांची असते आणि दर सत्राला पंधरा क्रेडिट घेतले तरच ती दोन वर्षांत पुरी होते. नोकरी व घर सांभाळून मला सत्राला दोन-तीन विषयच झेपले, त्यामुळे उन्हाळी वर्ग धरूनही साडेतीन वर्षे लागली. केवळ या पदवीवर माझा पगार एका डॉलरनेही वाढला नाही, हेही सांगून टाकते.

सर्वाधिक उपयोग झाला तो निबंधलेखनाच्या दोन विषयांचा. पहिल्या निबंधात मी पाच लेखकांची मते नीट मांडली होती; प्राध्यापिकांनी समासात “आणि तुमचे म्हणणे?” एवढेच लिहून तो परत दिला. गाइडमधली उत्तरे पाठ करून परीक्षा दिलेल्या मला या तीन शब्दांचे उत्तर द्यायला अख्खे सत्र लागले.

विज्ञानात भूशास्त्र घेतले, ते केवळ त्याची वेळ सोयीची होती म्हणून. प्रयोगशाळेत कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब टाकून फेस येताना पाहिला, आणि मग ट्रेमधला काळा, जड, बारीक कणांचा दगड हातात आला तेव्हा तक्ता न पाहताच ओळखला, कारण आमच्या सांगलीच्या घराचे जोते त्याचेच आहे. ट्रेमधला तो दगड म्हणजे बेसॉल्ट, येथल्या जवळच्या वॉचंग टेकड्यांतला, सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीचा. दख्खनचा त्या मानाने तरुण, सुमारे 6.6 कोटी वर्षांचा.

तक्रार एकच, पण मोठी आहे. सल्लागाराच्या सांगण्यावरून मी गणिताचा जो पूर्वतयारीचा विषय घेतला, त्याचे क्रेडिट पदवीत धरलेच जात नाहीत, हे मला सत्र संपल्यावर कळले. फी गेली ती गेलीच. त्यानंतर प्रत्येक विषय घेण्याआधी मी कोणत्या विषयाचे क्रेडिट पुढच्या महाविद्यालयात धरले जातात हे दाखवणाऱ्या एनजे ट्रान्सफर या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहू लागले.

या राज्यात 2007 च्या कायद्यामुळे एए (कला) किंवा एएस (विज्ञान) या असोसिएट पदवीचे क्रेडिट सार्वजनिक चार वर्षांच्या महाविद्यालयांत पदवीची पहिली दोन वर्षे म्हणून धरले जातात. मात्र प्रवेशाची हमी मिळत नाही आणि एएएस ही व्यावसायिक पदवी त्यात बसत नाही. पुढे अशा महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर माझे साठही क्रेडिट धरले गेले. तरीही मानसशास्त्र मुख्य विषय घेतल्यावर जीवशास्त्र आवश्यक असल्याचे समजले, आणि भूशास्त्र तेथे कामी येत नाही. त्यामुळे सध्या दर मंगळवारी संध्याकाळी मी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांशेजारी बसून सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची पेशी पाहते आहे.