कूलर घ्यायचा की एसी? आधी तुमच्याकडचा अवकाळी बघा

पूर्वी हा प्रश्न सोपा होता. नागपूर-अकोलावाले कूलर घ्यायचे, मुंबई-कोकणवाले जमलं तर एसी, आणि पुणे-नाशिकवाले "आमच्याकडे रात्री गार होतं" म्हणून पंख्यावर भागवायचे. आता एकाच आठवड्यात कोरडं ऊन, मग संध्याकाळी विजांसकट पाऊस आणि दुसऱ्या दिवशी नुसती चिकचिक असं सगळंच होतं, त्यामुळे फक्त ४२ डिग्रीचा दिवस डोळ्यासमोर ठेवून खरेदी केली तर पैसे वाया जाऊ शकतात. माझं मत विचाराल तर पाऊस पडून गेल्यावरची ती दमट रात्र तुमच्याकडे किती वेळा येते ते बघा आणि त्यावर ठरवा.

कारण कूलर हवा गार करतो ती पाण्याची वाफ करून. हवा कोरडी तेवढा गारवा जास्त. नागपुरात दुपारी ४४ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगल्या पॅडचा कूलर २८-२९ डिग्रीची हवा फेकतो, म्हणजे काय हवंय अजून! तोच कूलर मुंबईत ३३ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रतेत लावा, जेमतेम तीन-चार डिग्री उतरतील आणि वर खोलीतला दमटपणा वाढून गादी-उशी सगळं ओलसर लागायला लागेल. आणि हो, खिडकी बंद करून कूलर लावणारे लोक अजूनही आहेत, त्यांना काय सांगणार, ओली हवा बाहेर जायला वाट नको का?

एसीचं उलट आहे. तो हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो, म्हणून अवकाळीनंतरच्या रात्री खरा उपयोग त्याचाच. ड्राय मोड असतो तो याच दिवसांसाठी, पण आपल्याकडे रिमोटवरचं ते बटण कोणी दाबतच नाही.

आता बिल. कूलर साधारण २०० वॅटचा धरला तर दहा तासात दोन युनिट. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तेवढ्याच वेळात आठ-दहा युनिट सहज खातो, खोली वरच्या मजल्यावर आणि पश्चिमेला असेल तर जास्तच. २०२० पासून नवीन एसी चालू केला की २४ वर सुरू होतो, तो तिथेच राहू द्या, १८ वर नेल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त मीटर पळतो. किमतीत फरक मोठाच आहे, पण सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला त्यामुळे थोडा तरी दिलासा. भाड्याच्या घरात असाल तर कूलर उचलून नेता येतो, एसीला भिंतीला भोक पाडायचं म्हणजे आधी मालकाची परवानगी.

कूलरचे दोन त्रास दुकानदार सांगत नाही. एक पाणी, दिवसाला तीस-चाळीस लिटर कुठेच गेले नाहीत, आणि मराठवाड्यात ज्यांच्याकडे मे महिन्यात टँकर येतो त्यांना हे परवडतं का ते त्यांनीच बघावं. बोअरचं जड पाणी असेल तर हनीकोंब पॅडवर क्षार धरतात. दुसरा त्रास डासांचा. पाऊस पडला, गारवा आला, कूलर बंद केला आणि टाकीत पाणी तसंच राहिलं की डेंग्यूच्या डासांची सोय झाली, आठवड्याला टाकी रिकामी करून आतून घासायलाच हवी.

पण वादळात लाईट गेली तर? छोटा कूलर घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरवर चालतो, एसी साध्या इन्व्हर्टरवर विसरा. अशा रात्री कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

तर विदर्भात डोळे झाकून कूलर, पावसाच्या दोन-चार रात्री सहन होतात. कोकणपट्टीत एसी नाहीतर साधा पंखा, कूलरवर पैसे घालू नका. मधल्या पट्ट्यात म्हणजे पुणे, नाशिक, संभाजीनगरला पाणी भरपूर आणि खिडक्या समोरासमोर असतील तर कूलर, पण घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर एका बेडरूमला एसी बसवाच. २०२५ ला मुंबईत मान्सून २६ मे लाच आला, एरवीची तारीख ११ जून, म्हणजे दमट दिवस कधी सुरू होतील याचा भरवसा नाही.

एसी घ्यायचाच असेल तर होळीच्या आधी बुक करा, एप्रिलमध्ये फिटिंगवाला फोन उचलत नाही.