वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा वॉर मोड: आठ महिने वापरल्यानंतर

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ मी दिवाळीपासून वॉर मोड चालू ठेवूनच खेळतोय. आमचं गाव हिंगणघाटपासून बरंच आत. पंपाची थ्री फेज लाइन रात्रीच येते, म्हणून हरभऱ्याचं ओलितही रात्रीच. दोन-तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप हलवायला उठायचं, मधल्या वेळात वावरातल्या खोलीवर लॅपटॉप आणि मोबाइलचं हॉटस्पॉट. सर्व्हर युरोपातला, पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) 200 मिलिसेकंदांच्या आसपास. आपले रात्रीचे दहा म्हणजे तिकडची संध्याकाळ, त्यामुळे गर्दी भरपूर भेटते.

वॉर मोड 2018 साली आला. तो चालू केला की उघड्या जगात समोरच्या फॅक्शनचा, म्हणजे शत्रूच्या बाजूचा, वॉर मोड चालू असलेला कोणीही खेळाडू तुम्हाला मारू शकतो. फॅक्शन दोन, अलायन्स आणि होर्ड. बदल्यात क्वेस्टच्या (खेळात दिलेल्या कामांच्या) बक्षिसावर 10 टक्के जादा, आणि ज्या फॅक्शनचे लोक कमी त्यांना 30 टक्क्यांपर्यंत. मी अलायन्सचा पॅलाडिन (ढालवाला, साथीदारांना बरं करू शकणारा योद्धा). माझा चुलतभाऊ होर्डमध्ये.

या जादा टक्क्यांनी दोन्ही बाजूंच्या संख्येचा तोल सांभाळला जाईल असं मलाही वाटलं होतं. तसं होत नाही. जादा टक्के मिळतात ते क्वेस्ट करण्याचे, लढण्याचे नाहीत. म्हणून कमी संख्येच्या बाजूचा माणूस 30 टक्के दिसले की वॉर मोड चालू करतो, क्वेस्ट उरकतो आणि समोर शत्रूचं लाल नाव दिसलं की उडून जातो. आकडा भरतो, फौज उभी राहत नाही.

जानेवारीतली एक रात्र सांगतो. आकाशातून पुरवठ्याची पेटी उतरत होती. जी फॅक्शन आधी हात लावेल, तिच्याच लोकांना ती उघडता येते. मी आणि आणखी दोघे खाली उभे. पेटीची छत्री जमिनीला टेकायच्या आत टेकडीमागून होर्डचे बारा-तेरा जण आले. ढाल वर केली, एकाला पाडलं, तेवढंच. दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ म्हणाला, "भाऊ, कायले एकटा जातं तिकडे? आमच्याकडे ये न!" पण दोस्त, गिल्ड (आपला कायमचा गट), इतक्या दिवसांची ओळख टाकून मी तिकडे जात नाही, आणि 10 चे 30 टक्के होतात म्हणून होर्डवालाही इकडे येत नाही. असं कोणी बाजू बदलूही नये.

बक्षीस थेट मारण्यावर ठेवलं तरी पंचाईतच. 2018 च्या डिसेंबरात अलायन्सला काम मिळालं होतं: होर्डचे 25 खेळाडू मारा, चांगलं गियर (शस्त्रं-चिलखत) घ्या. लोक बाहेर आले खरे, पण टोळ्या करून. एकट्यादुकट्या होर्डवाल्याचे तेव्हा हाल झाले.

बॅटलग्राउंड, म्हणजे दोन बाजूंचे रांगेत नंबर लावून खेळायचे सामने, मात्र मनापासून आवडलं. वॉरसाँग गल्चमध्ये 10 विरुद्ध 10, अराथी बेसिनमध्ये 15 विरुद्ध 15. दोन्हीकडे माणसं सारखी. 2015 पासून मर्सेनरी मोडही आहे, आपल्या बाजूची रांग लांबली तर समोरच्यांकडून लढता येतं. ऑनरवर (अशा लढायांत मिळणाऱ्या गुणांवर) घेतलेल्या गियरची ताकद खेळाडूंशी लढताना आपोआप वाढते. रेडला (मोठ्या गटाने बलाढ्य शत्रू पाडायच्या मोहिमेला) चार-चार तास बसू न शकणाऱ्या माझ्यासारख्याला ही फार मोठी सोय आहे. इथे हरलो तरी पुन्हा रांगेत उभं राहावंसं वाटतं.

वॉर मोडला पाचपैकी अडीच, बॅटलग्राउंडला साडेचार. वॉर मोड घ्यायचाच तर सोबत तिघं-चौघं हवेत.

2022 पासून दोन्ही फॅक्शनना रेटेड (क्रमवारीच्या) सामन्यात एकत्र खेळता येतं, ते मला आणि चुलतभावाला उशिरा कळलं. आता पाइप हलवून झाले की त्याला फोन लावतो. त्याचा ऑर्क पुढे, माझा पॅलाडिन मागून त्याला जगवत, दोघांविरुद्ध दोघांच्या एरिना सामन्यात.