खडे खरे, माहिती अर्धी: टीव्हीवरून घेतलेले रत्नांचे दागिने, वापरानंतर

टीव्हीवरून घेतलेले दागिने खोटे निघतात, असं सगळे म्हणतात. माझ्याकडचे खोटे नाहीत. माणिक माणिकच आहे, टांझनाइट टांझनाइटच आहे, चांदीवर 925 चा शिक्का आहे आणि चांदी तपासून घेतली तर तीही चोख निघाली. तरीसुद्धा बरेच महिने हे दागिने अंगावर वागवल्यावर त्या चॅनेलवरच्या एकाही वाक्यावर माझा विश्वास उरलेला नाही. चॅनेलचं नाव देत नाही, कारण इतर चॅनेल चाळले तर तिथेही बोलण्याची तऱ्हा तीच आहे.

पहिला मान टोपाझला, कारण त्याने सगळ्यात आधी मान टाकली. इंद्रधनुष्यासारखे रंग फेकणारं पेंडंट होतं. निवेदिका दर दोन मिनिटांनी सांगत होती, ‘टोपाझचा कठीणपणा 8, रोज घाला, काही होत नाही.’ खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये सांगणाऱ्या मोह्ज मापनपट्टीवर टोपाझ 8 वर असतो, हे खरंच आहे. पण ते रंग टोपाझचे नसतातच. पाण्यासारख्या रंगहीन टोपाझवर, बहुधा त्याच्या मागच्या बाजूला, धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात आणि रंग त्या थराचे असतात. थराला 8 चा कठीणपणा कुठून येणार? माझ्या पेंडंटची पाठ उघडी आहे. कपड्याशी घासून घासून आधी पैलूंच्या कडा पांढऱ्या पडल्या, मग एका कोपऱ्यात नखाएवढा रंग उडाला. आता एका बाजूने बघितलं तर जांभळा-हिरवा आणि दुसऱ्या बाजूने साधी काच वाटावी असा खडा दिसतो. ‘थर’ हा शब्द कार्यक्रमात एकदाही आला नव्हता.

सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्रेसलेटबद्दल फार लिहीत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूने चांदी उघडी पडली. अमेरिकेत चांदीवरच्या मुलाम्याला ‘व्हर्मेल’ म्हणायचं असेल तर सोन्याचा थर किमान 2.5 मायक्रॉन लागतो. आमच्या निवेदिकेने थराची जाडी सांगितली नाही, बॉक्सवरही नव्हती. नसते तेव्हा ती कमीच असते, असं धरून चालावं.

टांझनाइटवर मात्र माझा जीव आहे, म्हणून त्याचा राग जास्त आहे. हा खडा 1967 मध्ये टांझानियातल्या मेरेलानी टेकड्यांमध्ये सापडला, आणि आजही जगात तेवढ्याच एका पट्ट्यातून निघतो. ही गोष्ट चॅनेलवर इतकी रंगवून सांगतात की खाण उद्या सकाळी बंद होणार असं वाटावं. बहुतेक टांझनाइट जमिनीतून तपकिरी छटेचा निघतो आणि तापवल्यावर निळा-जांभळा होतो, हे मात्र सांगत नाहीत. त्यात लपवण्यासारखंही काही नाही. तो रंग टिकतो आणि सगळा बाजार ते मान्य करतो. मग सांगायला काय हरकत होती? आणि खरी सांगायची गोष्ट तर वेगळीच: याचा कठीणपणा 6 ते 7. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात, ते 7 चे. म्हणजे नुसतं कापडाने कोरडं पुसलं तरी खड्यावर हळूहळू ओरखडे येतात. कानातल्यात किंवा पेंडंटमध्ये हा खडा वर्षानुवर्षं सुंदर राहील. चॅनेलने विकला तो अंगठीत, उंच कोंदणात, ‘रोजच्या वापरासाठी’. आता उजेडात तिरपा धरला की वरच्या मोठ्या पैलूवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात आणि कडा गोलसर झाल्यात. अल्ट्रासॉनिक यंत्रात हा खडा धुवायचा नसतो, तडकू शकतो. बॉक्समधल्या पत्रकात मात्र निगा राखण्यासाठी त्याच यंत्रात धुवायचा सल्ला दिला होता, सगळ्या खड्यांना एकच पत्रक.

आता माणिक. अंगठी थोडी सैल होती म्हणून माप कमी करून घ्यायला एका जवाहिराकडे नेली. त्याने दहापट भिंग डोळ्याला लावलं, खडा दोनदा फिरवला आणि अंगठी परत माझ्या हातात ठेवली. ‘याला दिवा लावला तर खडा माझ्याकडे शाबूत राहणार नाही. काच भरलेलं माणिक आहे.’ मग भिंग मला दिलं. सरळ बघितलं तर लाल, नुसतं लाल. थोडं तिरपं केलं की आतल्या चिरांमध्ये निळसर झाक चमकून जाते, आणि नीट बघितलं तर चपटे, गोल बुडबुडे. माणिक जमिनीत घडताना त्यात असे बुडबुडे येत नाहीत, ते काचेचे.

हा प्रकार 2004 च्या सुमारास प्रयोगशाळांच्या नजरेत भरला. चिरांनी भरलेलं, एरवी कुणी पैलू पाडायलाही घेणार नाही असं कोरंडम (माणिक ज्या खनिजाचं असतं ते) घ्यायचं, ते साफ करायचं आणि शिसं जास्त असलेली वितळलेली काच चिरांमध्ये उतरवायची. शिशामुळे काच आणि माणिक यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, जवळ येतो, चिरा दिसेनाशा होतात, अपारदर्शक गोटा लालचुटूक खडा होतो. पण काच ती काच. सोनाराच्या दिव्याने वितळते, लिंबाच्या रसासारख्या सौम्य आम्लानेही पृष्ठभागावरची काच खाल्ली जाते. माझ्या अंगठीवर ज्या पांढरट रेघा उमटत होत्या आणि ज्यांना मी साबणाचा थर समजून घासत होते, त्या याच.

नुसतं तापवलेलं माणिक आणि काच भरलेलं माणिक यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं आयुष्यभर घालता येतं. दुसरं जपून ठेवायची वस्तू आहे आणि त्याची किंमतही त्याच मानाने असायला हवी. चॅनेलवर दोघांनाही ‘नैसर्गिक माणिक’ म्हणतात.

ग्राहक सेवेला फोन केला. संभाषण असं:

‘मॅडम, ते नैसर्गिकच आहे.’
‘हो, पण त्यात काच भरली आहे का?’
‘मॅडम, सर्टिफिकेटवर नॅचरल लिहिलंय ना?’
‘काच आहे की नाही?’
‘परत करण्याची मुदत संपलेली आहे मॅडम.’

त्या मुलीला दोष देत नाही, तिच्यासमोरच्या स्क्रीनवर तेवढंच असणार. सर्टिफिकेट मात्र पुन्हा काढून वाचलं. वर सोनेरी मोहोर, मध्ये खड्याचं वजन, आकार, ‘नॅचरल कोरंडम’. सगळ्यात खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत: ‘रत्नांवर सामान्यतः केल्या जाणाऱ्या प्रक्रिया केलेल्या असू शकतात.’ तापवण्यापासून काच भरण्यापर्यंत सगळं या एका वाक्यात मावतं. कागद देणारी प्रयोगशाळा चॅनेलचीच. शिवाय त्यावर ‘अंदाजे बाजारमूल्य’ छापलेलं होतं, मी दिलेल्या रकमेच्या कितीतरी पट. यावरूनच ओळखायला हरकत नाही, कारण जीआयए या अमेरिकन रत्नसंस्थेसारखी नावाजलेली प्रयोगशाळा खड्याचे गुण आणि त्यावरची प्रक्रिया लिहिते, अहवालात किंमत लिहीत नाही.

यात माझं एकटीचं काही विशेष नाही. लाल अँडेसिनचं प्रकरण माहीत असेल तर ताळा जुळेल. 2000 नंतरच्या वर्षांत टीव्ही चॅनेलवर हा लाल खडा (फेल्डस्पार या खनिजगटातला) दुर्मिळ, नैसर्गिक रंगाचा म्हणून जोरात विकला गेला. कधी काँगोचा म्हणून, कधी तिबेटचा म्हणून. 2008 च्या सुमारास उघड झालं की बाजारातला बराचसा माल म्हणजे इनर मंगोलियातला फिकट पिवळा फेल्डस्पार आहे आणि त्यात उष्णता देऊन तांबं मुरवून लाल रंग आणला आहे. अमेरिकेत खटले झाले. विकणाऱ्यांचं म्हणणं, आम्हालाही पुरवठादाराने असंच सांगितलं होतं. असेलही. पण पडद्यावर तासन्‌तास छातीठोक बोलताना ‘आम्हाला असं सांगितलं आहे’ असं कुणी म्हणालं नव्हतं.

या धंद्याचा जन्म 1977 मध्ये फ्लोरिडातल्या एका रेडिओ केंद्रावर झाला असं सांगतात. जाहिरातदाराकडे पैसे नव्हते, त्याने डबे उघडायची विजेची यंत्रं देऊ केली आणि निवेदकाने ती प्रसारणातच विकून टाकली. डबा उघडला की नाही हे घेणाऱ्याला त्याच दिवशी कळतं. खड्याचं तसं नसतं. महिने जातात, भिंगवाला माणूस लागतो, तोवर परतीची मुदत संपते. रत्नं या माध्यमाला इतकी का मानवली, याचं कारण माझ्या मते हेच.

बाकी युक्त्या घालत घालत लक्षात आल्या. ‘एकूण वजन तीन कॅरेट’ म्हणजे कणीएवढ्या खड्यांची बेरीज. कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, आणि तीन कॅरेटचा एक खडा व तीन कॅरेटचे तीस खडे यांचा भाव कधीच सारखा नसतो. कॅमेरा इतका जवळ नेतात की खडा पडदाभर दिसतो, म्हणून वजन न ऐकता मिलिमीटर ऐकावेत. ‘एएए’ दर्जा जो तो आपापल्या घरी ठरवतो, रंगीत खड्यांसाठी त्याचं सर्वमान्य माप नाही. ‘शेवटचे काही नग’ असलेली माझीच अंगठी पुढच्या आठवड्यात पुन्हा शेवटच्या काही नगांत होती.

आता घेण्याआधी मी लेखी एकच प्रश्न पाठवते: या खड्यावर काच, तेल, राळ, थर, किरणोत्सर्ग किंवा रंगद्रव्य मुरवणं यांपैकी नेमकं काय केलं आहे? दोन-तीन ठिकाणांहून सरळ उत्तर आलं, तिथून घेतलंही. या चॅनेलकडून ‘आमचे सर्व दागिने दर्जेदार आहेत’ एवढंच आलं.

पाचपैकी दीड तारा. एक चांदीच्या घडणीला. हूक आणि साखळ्या खरोखर मजबूत आहेत, एकही तुटली नाही. अर्धा वेळेवर घरपोच आल्याबद्दल.